उभी, आडवी आणि उलटी बाटली

आपल्याकडे बाटली दोनच प्रकारची. उभी आणि आडवी. गावातलं दारूचं दुकान ठेवायचं की हटवायचं यावर बायकांनी मतदान करायचं, आडव्या बाटलीवर शिक्के मारायचे आणि दुकानाला कुलूप लावायला लावायचं, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी करून दाखवलंय. मीही आडव्या बाटलीच्याच बाजूची. दारूपायी मोडलेले संसार आपण सगळ्याच जणी इतक्या जवळून बघतो की बाटलीबद्दल चार चांगले शब्द लिहायला हात धजत नाही.

तरी आज एका तिसऱ्या प्रकारच्या बाटलीची गोष्ट सांगणार आहे. उलटी बाटली. तोंड खाली, बूड वर. ती उलटी करणारी बाई दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये होऊन गेली. सत्ताविसाव्या वर्षी ती विधवा झाली, पदरात सहा वर्षांची मुलगी होती आणि घरातल्या मोठ्यांनी धंदा गुंडाळायचं ठरवलं होतं. तिनं तो गुंडाळू दिला नाही. तिच्या कंपनीची शॅम्पेन आज जगभर विकली जाते आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव असतं, व्हव क्लिको. फ्रेंच भाषेत व्हव म्हणजे विधवा. क्लिको हे तिच्या सासरचं आडनाव. म्हणजे सरळ मराठीत सांगायचं तर, विधवा क्लिकोबाई.

या बाईंची आणि माझी ओळख करून दिली माझ्या भाचीनं. नणंदेची ही मुलगी पुण्यात हॉटेल मॅनेजमेंट शिकली आणि तिथंच नोकरीला लागली. तिला कामासाठी फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतात जायचं होतं. तिथले पाच वाइन उत्पादक स्वतः निवडायचे, त्यांच्याकडे जाऊन वाइन चाखायची आणि परत आल्यावर सांगायचं, असं ते काम. सुटीत नरसिंहपूरला आली ती कागदांचा गठ्ठा घेऊनच. मामी, इथं हजारो नावं आहेत, त्यातली पाच मी कशी काढू, असं म्हणून तिनं तो गठ्ठा माझ्यापुढे टाकला. वाइनमधलं मला काय कळणार? पण निवडणं म्हणजे काय हे बाईला कळतं. आयुष्यभर आपण तेच तर करत असतो. म्हणून मी वाचायला बसले, आणि पहिल्याच कागदावर ही बाई भेटली.

कापडवाल्याची लेक

तिचं माहेरचं नाव बार्ब-निकोल पोन्सार्दँ. जन्म १६ डिसेंबर १७७७, गाव रीम्स. फ्रेंच लोक त्याचा उच्चार रँस असा करतात. वडील कापडाचे मोठे कारखानदार, गावातल्या पहिल्या चार श्रीमंतांत मोडणारे. मुलीला त्यांनी जोगिणींच्या शाळेत घातलं होतं. ती अकरा वर्षांची असताना, १७८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीचा भडका उडाला. श्रीमंतांची आणि धर्ममठांची घरंदारं लुटली जायला लागली. घरी कपडे शिवायला येणाऱ्या एका बाईनं या मुलीला गरिबाघरच्या पोरीचे कपडे चढवून, गर्दीतून हाताला धरून सुखरूप बाहेर काढलं, असं त्या घराण्यात सांगतात. वडील मात्र हुशार. वारं फिरलं तसे क्रांतीवाल्यांच्या बाजूला गेले, पुढे नेपोलियनच्या काळात गावचे महापौर झाले आणि सरदारकीची पदवीही मिळवली. वाऱ्याची दिशा ओळखण्याचं ते शहाणपण लेकीनं पुरेपूर उचललं.

१७९८ साली तिचं लग्न झालं. नवरा फ्राँस्वा क्लिको, तोही कापडवाल्याचाच मुलगा. त्या काळात देवाधर्माचे विधी उघडपणे करणं धोक्याचं होतं, म्हणून लग्न एका तळघरात लागलं असं सांगतात. पुढं जिचं सगळं आयुष्य तळघरांत जाणार, तिचं लग्नही तळघरात!

सासऱ्यांनी, फिलिप क्लिको यांनी १७७२ मध्ये कापडाच्या जोडीला वाइनचा छोटासा व्यापार सुरू केला होता. फ्राँस्वाला त्यातच रस होता. नवराबायको मिळून द्राक्षमळे बघत फिरायचे, शिकायचे. लुई बोन नावाचा एक हिकमती फिरता विक्रेता त्यांनी हाताशी धरला. पण धंदा काही बसेना. युरोपभर लढाया चाललेल्या, वर हवामानाची साथ नाही. अशात ऑक्टोबर १८०५ मध्ये फ्राँस्वा ताप येऊन गेला.

विधवा म्हणून सुटका

मैत्रिणींनो, इथं एक कडवट गंमत आहे. १८०४ साली नेपोलियननं जो कायदा आणला त्यात लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करता येत नसे. लग्नाआधी वडिलांचा अंमल, लग्नानंतर नवऱ्याचा. मात्र विधवेला स्वतःच्या नावानं धंदा करता येत होता, करारावर सही करता येत होती. म्हणजे जिवंत नवऱ्याच्या बायकोला जो हक्क नव्हता तो नवरा गेल्यावर मिळायचा. किती मोठी किंमत मोजून मिळालेला हक्क!

आपल्याकडे त्या वेळी पेशवाईचे शेवटचे दिवस चालले होते. उच्चवर्णीय घरांत विधवेचं केशवपन व्हायचं, लाल आलवणात तिचा जन्म जायचा. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांना जाऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या त्या बाईनं राज्य चालवून दाखवलं होतं, पण घराघरातल्या बायकांपर्यंत तो उजेड पोचला नव्हता. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. क्लिकोबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

मुलगा गेल्यावर सासऱ्यांचा धीर सुटला. वाइनचा धंदा बंद करायचा त्यांनी निर्णय घेतला. सून पुढे झाली. आपल्या वाट्याचा पैसा मी यात घालते, मला चालवू द्या, असा तिनं हट्ट धरला. सासऱ्यांचं मोठेपण असं की त्यांनी नाही म्हटलं नाही. एक अट मात्र घातली. आलेक्साँद्र फूर्नो नावाच्या जाणत्या वाइनवाल्याला चार वर्षं भागीदार घ्यायचं आणि त्याच्या हाताखाली शिकायचं. १८०६ मध्ये भागीदारी सुरू झाली.

ती चार वर्षं हालाची गेली. इंग्लंड आणि फ्रान्सनं एकमेकांच्या व्यापाराची नाकेबंदी केलेली. मालाचा मोठा साठा अॅमस्टरडॅमच्या बंदरात अडकला आणि नासला. १८१० मध्ये करार संपला तसा फूर्नोनं आपला मार्ग धरला. बत्तीस वर्षांची बाई एकटी उरली. त्याच वर्षी तिनं कंपनीला नवं नाव दिलं, व्हव क्लिको-पोन्सार्दँ. सासर आणि माहेर दोन्ही आडनावं आणि पुढे विधवा हा शब्द. लपवाछपवी नाही.

सहा भावांचं जहाज

१८११ साली आकाशात मोठा धूमकेतू दिसला आणि त्या वर्षी शॅम्पेन प्रांतात द्राक्ष असं पिकलं की लोक वर्षानुवर्षं आठवण काढत राहिले. बाईंच्या तळघरात उत्तम माल तयार होता, पण गिऱ्हाईक होतं रशियात आणि रशियाशी तर नेपोलियनची लढाई. १८१४ च्या सुरुवातीला रशियन आणि प्रशियन फौजा थेट रीम्समध्ये शिरल्या. बाईंनी चांगल्या मालाच्या तळघरांची तोंडं बांधकाम करून बुजवून टाकली. तरी जे सैनिकांच्या हाती लागलं ते लागलंच. पण ज्यांनी चाखलं ते घरी जाऊन मागणी करणार, हे तिनं ओळखलं.

नेपोलियन पायउतार झाला, पण समुद्र पुरता मोकळा झाला नव्हता. रशियात बाटलीबंद फ्रेंच वाइनवर बंदी तशीच होती. बाकीचे व्यापारी परवान्यांची वाट बघत बसले. बाईंनी थांबायचं नाही असं ठरवलं. गुपचूप एक डच जहाज ठरवलं आणि १०,५५० बाटल्या चढवल्या. सोबत लुई बोन. जून १८१४ मध्ये जहाज निघालं ते प्रशियातल्या कोनिग्जबर्ग बंदराकडे, म्हणजे रशियाच्या उंबऱ्यावर. जहाज बुडालं असतं, माल जप्त झाला असता किंवा उन्हाळ्यात बाटल्या फुटल्या असत्या, तर बाईंच्या हाती फक्त कर्ज राहिलं असतं. पण माल पोचला. बंदरावर उतरताच लोक बाटल्यांवर तुटून पडले आणि बोननं मागेल तो भाव घेतला. पाठोपाठ दुसरं जहाज गेलं. मोएत वगैरे मोठमोठी घराणी जागी होईपर्यंत रशियाच्या दरबारात विधवेचं नाव झालं होतं.

त्या पहिल्या डच जहाजाचं नाव होतं झेस खेब्रुडर्स, म्हणजे सहा भाऊ. सहा भावांनी एका बहिणीचा माल पोचवला म्हणायचा!

चिकटून राहिलेला गाळ

आता उलट्या बाटलीकडे येऊ. शॅम्पेनला जे बुडबुडे येतात ते बाटलीतच तयार होतात. तयार वाइन बाटलीत भरायची, त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच घट्ट बसवायचं. आत पुन्हा आंबण्याची क्रिया होते, वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो वाइनमध्येच मुरतो. पण यीस्ट मरून त्याचा गाळ बाटलीत राहतो. वाइन गढूळ दिसते. तो गाळ काढायला एका बाटलीतून दुसरीत ओतावं लागे. त्यात बुडबुडे उडून जात आणि बरीच वाइन वाया जाई.

पावसाळ्यात नीरा-भीमेला पूर आला की आमच्याकडे पाणी कसं येतं विचारू नका. लाल, दाट. मग हंड्यात तुरटी फिरवायची, रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं निवळलेलं पाणी हलक्या हातानं काढून घ्यायचं. गाळ तळाशी. जगातल्या सगळ्या बायका असंच करत आल्या. क्लिकोबाईंनी वेगळा विचार केला. गाळ तळाशीच बसणार ना? मग तळच तोंडाशी आणू.

तिनं घरातल्या टेबलाला तिरकी भोकं पाडून घेतली आणि त्यात बाटल्या उलट्या खोचल्या. रोज प्रत्येक बाटली हलक्या हातानं थोडी फिरवायची, थोडी आणखी उभी करायची. काही आठवड्यांत सगळा गाळ घरंगळत बुचापाशी जमतो. मग बूच काढलं की आतल्या दाबानं गाळाची गुठळी फट्कन बाहेर उडते. कमी झालेली जागा वाइन आणि साखरेच्या मिश्रणानं भरायची, नवं बूच लावायचं. वाइन आरशासारखी स्वच्छ. तळघरातला मुख्य कारागीर आंत्वान म्युलर याच्या साथीनं १८१६ च्या सुमारास हे तंत्र बसलं. कामगारांना आधी हा खुळेपणा वाटला होता म्हणतात. पण त्यांनीच ते गुपित काही वर्षं बाहेर फुटू दिलं नाही. पुढे टेबलाची जागा लाकडी घडवंचीनं घेतली आणि आता बहुतेक ठिकाणी यंत्रं बाटल्या फिरवतात. पण पद्धत तीच. १८१८ मध्ये तिनं लाल वाइन मिसळून गुलाबी शॅम्पेनही तयार केली. त्याआधी रंगासाठी फळांचा रस वापरत असत.

लेकीला मात्र दूर ठेवलं

इथपर्यंत वाचून वाटेल, झालं, बाई देवीच होती. तसं नव्हतं. धंदा वाढल्यावर तिनं बँक काढली, कापडाच्या गिरणीत पैसा घातला, पसारा वाढवला. १८२८ मध्ये ज्या पॅरिसच्या पेढीवर तिचा भरवसा होता ती बुडाली आणि तिची कंपनी दिवसभरात कोसळायची वेळ आली. एदुआर व्हेर्ले नावाच्या तरुण जर्मन कारभाऱ्यानं स्वतःची मालमत्ता तारण ठेवून पैसा उभा केला, म्हणून वाचली. १८३१ मध्ये तिनं त्याला भागीदार करून घेतलं आणि १८४१ मध्ये कारभार त्याच्यावर सोपवून बाजूला झाली.

आणि मुलगी? क्लेमांतीन. तिला आईनं धंद्यात कधी घेतलं नाही. मोठ्या घराण्यातला उमराव जावई पाहिला, तो उधळ्या निघाला, सासूबाई पैसे पुरवत राहिल्या. नातीचं लग्न त्याहून बड्या घरात करून दिलं. बूर्सो गावात कुटुंबासाठी महाल बांधला. स्वतः जन्मभर हिशोबाच्या वह्यांत डोकं घातलेल्या या बाईला लेकीनं मात्र मोठ्या घरची सून व्हावं एवढंच हवं होतं. मला हे वाचताना आपल्याकडच्याच कितीतरी कर्तबगार आया आठवल्या. स्वतः शेत कसलं, दुकान चालवलं, पण मुलीला सांगितलं, तुला हे कष्ट नकोत. त्यात माया असते हे खरं. पण आईचं ज्ञान तिच्याबरोबरच जातं, हेही खरं. क्लिकोबाईंचं ज्ञान गेलं नाही, कारण ते एका नोकरानं सांभाळलं. लेक १८६३ मध्ये आईच्या आधीच गेली.

२९ जुलै १८६६ रोजी बूर्सोच्या महालात अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या क्लिकोबाई गेल्या. त्या वेळी कंपनी वर्षाला साडेसात लाखांच्या आसपास बाटल्या विकत होती.

पाच कशा निवडायच्या

हे सगळं वाचून झाल्यावर मी आणि भाची पुन्हा त्या यादीशी बसलो. शॅम्पेन प्रांत म्हणजे साधारण ३४ हजार हेक्टर द्राक्षबागा, तीनशेवर गावं आणि सोळा हजारांच्या घरात बागायतदार. मोठी घराणी साडेतीनशेच्या आसपास. भाचीच्या मनात आलं होतं, पाच सगळ्यात प्रसिद्ध नावं घ्यावीत आणि मोकळं व्हावं. मी म्हटलं, अगं, पाच साड्या घ्यायच्या तर पाचही पैठण्याच घेशील का? एक इरकल, एक नारायणपेठ, एक साधी सुती घेतलीस तर कपाटात काय काय असतं ते कळेल.

मसाल्याचंच बघा. आपण तीन ठिकाणचा घेतो. एक कंपनीचा, एक बचत गटाचा आणि एक ओळखीच्या काकूंनी घरी कुटलेला. तिथंही हेच तीन प्रकार. मोठी घराणी शेकडो शेतकऱ्यांकडून द्राक्षं विकत घेतात आणि दरवर्षी चव सारखी राहील अशी मिसळण करतात. त्यांच्या लेबलवर बारीक अक्षरात एन.एम. लिहिलेलं असतं. स्वतःच्या बागेतल्या द्राक्षाची स्वतः वाइन करणारा शेतकरी असेल तर आर.एम. आणि शेतकऱ्यांची सहकारी संस्था असेल तर सी.एम. इंदापूर-बारामतीच्या बाईला सहकारी म्हणजे काय ते समजावून सांगायला नको! ऊस घालणारा शेतकरी आणि कारखाना यांच्यात भावावरून जे होतं तेही तिथं होऊन गेलंय. १९११ साली शॅम्पेनचे बागायतदार रस्त्यावर उतरले. व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्ष आणतात आणि आमचा भाव पाडतात, ही त्यांची तक्रार. आई नावाच्या गावात गोदामं फुटली, जाळपोळ झाली, सैन्य आणावं लागलं. आज शॅम्पेन हे नाव फक्त त्या प्रांतातल्या मालालाच लावता येतं, त्यामागे या भांडणाचाही हात आहे.

दुसरी गोष्ट जमिनीची. रीम्सच्या डोंगरावर आणि दक्षिणेकडच्या ओब भागात पिनो न्वार हे काळं द्राक्ष जास्त. मार्न नदीच्या खोऱ्यात मनिये, तेही काळंच. एपर्ने गावाच्या खालच्या अंगाला खडूच्या पांढऱ्या जमिनीत शार्दोने हे पांढरं द्राक्ष. त्यामुळे उत्पादक निवडताना प्रत्येक टेकडीवरचा एक तरी घ्यावा, म्हणजे जीभ शिकते.

असं करत पाच नावं निघाली. पहिलं अर्थात रीम्समधलं व्हव क्लिको. ही कंपनी १९८७ पासून एका बड्या उद्योगसमूहाकडे आहे, पण जुनी तळघरं बघण्यासारखी. पूर्वी खडू काढण्यासाठी खणलेल्या खोल खाणीच त्या, आपल्याकडच्या धान्याच्या पेवासारख्या, पण प्रचंड. बारा महिने तेरा काळ गारवा. दुसरं, आई गावातलं बोलँजे. तिथंही एक विधवा. लिली बोलँजे यांचे पती १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा ताबा असताना गेले. सायकलवरून बागा बघत फिरत या बाईंनी १९७१ पर्यंत कंपनी चालवली. तिसरी, माई गावाची १९२९ मधली सहकारी संस्था, सगळे सभासद त्या एकाच गावचे बागायतदार. चौथं, व्हेर्त्यू गावातलं लार्मांदिये-बेर्निये, स्वतःच्या बागेतल्या शार्दोनेची वाइन करणारं शेतकरी कुटुंब. पाचवं, थेट दक्षिणेला उर्व्हील गावातलं द्रापिये, म्हणजे ज्या ओब भागाला एके काळी शॅम्पेनच मानायला तयार नव्हते तिथलं.

एक सूचना मी शेवटी केली. गोडी नीट बघ. २०१० मध्ये बाल्टिक समुद्रात आलँड बेटांजवळ बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या सापडल्या, त्यात क्लिकोबाईंच्याही होत्या. तपासल्यावर लिटरमागे सुमारे दीडशे ग्रॅम साखर निघाली. म्हणजे पाकच म्हणा. आज ब्रुत लिहिलेल्या बाटलीत ती बारा ग्रॅमच्या आत असते. हा बदल रुजवणाऱ्यांत पुन्हा एक विधवाच, मादाम पोमरी. १८७४ ची त्यांची कमी गोड शॅम्पेन गाजली. लेबलवरचं नाव तेच असलं तरी चव काळाप्रमाणे बदलते, म्हणून नावावर न जाता लेबल वाचावं, चाखून बघावं. हे लोणच्यालाही लागू आहे आणि स्थळ बघतानाही.

आपल्या नदीकाठी

तुम्ही म्हणाल, नरसिंहपूरला संगमावर बसून ही फ्रान्सची उठाठेव कशाला? पण ही गोष्ट दिसते तेवढी लांबची नाही. पुणे जिल्ह्यातच, नारायणगावला १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं अशी बुडबुड्यांची वाइन तयार केली होती आणि ती परदेशात ओमर खय्याम या नावानं विकली जायची. ती कंपनी आता राहिली नाही. आमच्या लक्ष्मी-नरसिंहाच्या देवळाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या विंचूरकर सरदारांच्या विंचूर गावी, नाशिक जिल्ह्यात, सरकारनं वाइन पार्क उभारलं. आणि नीरा ओलांडली की सोलापूर जिल्हा. तिथं अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्लीच्या बागा आहेत. फ्रातेल्ली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. दोन भाऊ इटलीचे, दोन दिल्लीचे आणि दोन अकलूजचे मोहिते-पाटील. इथंही सहा भाऊच!

इंदापूर तालुक्यात बोरीकडे गेलात तर द्राक्षबागा दिसतील. या बागांमध्ये एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, विरळणी, डिपिंग, वेचणी, पॅकिंग ही कामं कोण करतं? आपल्या बाया. घडातला कुठला मणी ठेवायचा आणि कुठला काढायचा हे त्यांच्या बोटांना कळतं. पण बागेचा मालक कोण म्हणून विचारलं तर नाव पुरुषाचं. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींचे मालक ऐन छाटणीच्या तोंडावर गेले. तेराव्याच्या जेवणावळीतच भाऊबंदांत बोलणं सुरू झालं, की बाग आता वाट्यानं द्यावी, बाईमाणसाला औषधाचं, बँकेचं कसं जमणार. वहिनींनी चौदाव्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन छाटणीची टोळी बोलावली. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला. सातबाऱ्यावर स्वतःचं आणि मुलांचं नाव लागेपर्यंत त्या हेलपाटे घालत राहिल्या. बागेत आजही त्याच उभ्या असतात. त्यांना क्लिकोबाई माहीत नव्हत्या. मी सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, त्या बाईचा सासरा चांगला होता का? किती नेमका प्रश्न! सून हुशार असून चालत नाही, तिला संधी देणारं माणूसही घरात लागतं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. राज्य सरकारनंही इतर गावांना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. चांगलं झालं. पण बांगड्या हातात राहिल्या आणि सातबारा दिराच्या हातात गेला, तर अर्धीच लढाई जिंकली म्हणायची. म्हणून नवरा धडधाकट असतानाच प्रत्येकीनं चार गोष्टी माहीत करून घ्याव्यात. जमिनीवर, घरावर कुणाचं नाव आहे, कर्ज कुठलं आणि किती, विमा आहे का, बँकेत वारस म्हणून कोण लावलंय. यात अशुभ काही नाही.

शुभ-अशुभाचं म्हणाल तर एक शेवटची गोष्ट सांगते. क्लिकोबाईंच्या यशानंतर व्हव या शब्दाला बाजारात असा भाव आला की दुसऱ्या कंपन्याही लेबलवर विधवेचं नाव छापायला लागल्या. ज्यांच्या घरात विधवा नव्हती, त्यांनी म्हणे खोटीच एखादी तयार केली. जो शब्द आपल्याकडे अजूनही हळदीकुंकवाच्या दारात अडखळतो, तोच तिथं मालाच्या खरेपणाची खूण ठरला. व्हव क्लिको-पोन्सार्दँ हे नाव कंपनीला मिळालं १८१० साली, एका बत्तीस वर्षांच्या बाईनं एकटीनं कंपनी चालवायला घेतली तेव्हा.